एसडीसीव्ही: कोर्टाच्या कागदांच्या टेबलावरचा टर्मिनल शब्दकोश

एसडीसीव्ही म्हणजे लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, नुसत्या अक्षरांच्या कमांड-खिडकीत, शब्दाचा अर्थ शोधून देणारं अवजार. ते फुकट आहे, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. वेळ वसूल झाला का, ते सांगते. झाला, पण चांगले कोश आणून घातले म्हणून झाला. नुसतं इन्स्टॉल करून बसलात तर हे बेणं एका शब्दाचा अर्थ सांगणार नाही.

मी धुळ्याची. कोर्टाच्या कागदांचं मराठीतून इंग्रजी करून देणं हा माझा धंदा. खरेदीखतं, वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, फेरफाराचे उतारे, साक्षीदारांचे जबाब. वकीलसाहेब संध्याकाळी गठ्ठा आणून टाकतात आणि "ताई, सकाळच्या गाडीनं औरंगाबादला न्यायचंय" म्हणून निघून जातात. हायकोर्टाचं खंडपीठ तिकडे, आणि आमच्या खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांची अपिलं तिकडेच. अशा रात्री दर चार ओळींनी ब्राउझर उघडायचा, अंगावर येणारी जाहिरात बंद करायची, "सूचना पाठवू का?" ला नको म्हणायचं आणि मग एक शब्द बघायचा, हे मला झेपत नव्हतं. त्यात मे महिन्यात लाइट गेली की वायफाय गेलंच. लॅपटॉपची बॅटरी मात्र थोडा वेळ दम धरते. तेवढ्या वेळात, नेट नसताना, जुन्या मशीनवर चालेल असं काहीतरी पाहिजे होतं. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं हे इन्स्टॉल करून दिलं.

स्टारडिक्ट नावाचा एक खिडकीवाला शब्दकोश-प्रोग्राम होता. त्याच्या फाइलींची पद्धत इतकी रुळली की आज मूळ प्रोग्राम फारसा कुणी वापरत नाही, पण त्या फाइली सगळीकडे चालतात. त्याच फाइली टर्मिनलमधून वाचणारं हे अवजार. नावातली शेवटची दोन अक्षरं म्हणजे कन्सोल व्हर्जन. येवगेनी दुशिस्तोव्ह यांनी सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय, परवाना जीपीएल, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या भांडारात आहे, एपीटी या इन्स्टॉल करायच्या कमांडच्या एका ओळीत बसतं. विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) घालून करता येईल, पण त्यांच्यासाठी दुसरा सोपा उपाय आहे, तो पुढे सांगते.

कोश वेगळे आणायचे. प्रत्येक कोशाच्या किमान तीन फाइली असतात. आयएफओ फाइलमध्ये कोशाचं नाव आणि शब्दांची संख्या, आयडीएक्समध्ये शब्दांची सूची आणि डिक्टमध्ये खरा मजकूर. ही तिसरी फाइल बहुतेक वेळा डिक्टझिपनं दाबलेली असते. दाबण्याची पद्धत अशी, की एका शब्दासाठी अख्खी फाइल उलगडावी लागत नाही, हवा तेवढाच तुकडा सुटतो. माझ्या लॅपटॉपच्या वयाकडे बघता उत्तर एवढं चटकन कसं येतं, त्याचं कारण हे. या फाइली होम फोल्डरातल्या स्टारडिक्ट नावाच्या फोल्डरात, त्याच्या आतल्या डिक मध्ये ठेवायच्या. त्या फोल्डराचं नाव टिंबानं सुरू होतं, म्हणून ते दिसत नाही. कंट्रोल-एच दाबा, दिसेल.

माझ्याकडचा मुख्य कोश मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी. 1857 ची दुसरी आवृत्ती, नोंदी 60 हजारांच्या घरात. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पात तो नेटवर वाचता येतो, आणि भारतीय भाषांचे कोश स्टारडिक्टमध्ये आणणाऱ्या इंडिक-डिक्टवाल्यांकडे तयार फाइली मिळतात. इंग्रजीसाठी प्रिन्स्टनचं वर्डनेट आणि 1913 चा वेबस्टर. हे सगळे बिनधास्त वापरण्यासारखे. स्टारडिक्टच्या नावाखाली नेटवर अलीकडच्या छापील कोशांच्या चोरट्या प्रतीही फिरतात. मी कोर्टाचे कागद करते, त्या वाटेला जात नाही.

आता प्रत्यक्ष वापर. नुसतं एसडीसीव्ही टाइप करून एंटर दाबलं की ते शब्द विचारतं. शब्द दिला की किती नोंदी सापडल्या ती ओळ, मग बाण आणि कोशाचं नाव, खाली पुन्हा बाण आणि शब्द, एक रिकामी ओळ, आणि मोल्सवर्थ साहेबांचा मजकूर सुरू. संपलं. रंग नको असतील तर नाहीत. एकाच कोशात मिळते-जुळते बरेच शब्द सापडले तर क्रमांक लावून यादी देतं आणि कुठला पाहिजे विचारतं, काहीच नको असेल तर उणे एक. आणि काहीच सापडलं नाही की इंग्रजीत चक्क "सॉरी" म्हणतं आणि पुढे रडका चेहरा काढतं. रात्री एक वाजता मला त्या चेहऱ्याचा राग येतो, पण जाहिरातीपेक्षा बरा.

माझा वेळ खरा वसूल झाला तो दोन गोष्टींत. पहिली म्हणजे उलटा शोध. शब्दाच्या आधी उभी दांडी टाकायची, बॅकस्लॅशच्या बटणावरची, आणि मग इंग्रजी शब्द. मग ते शब्दांच्या सूचीत न बघता अर्थाच्या मजकुरात शोधतं. म्हणजे मराठी-इंग्रजी कोश उलटा फिरवता येतो. मध्यंतरी एका विहिरीच्या हिश्श्याच्या दाव्यात उलट काम आलं होतं, इंग्रजी अहवालाचं मराठी. मोटेच्या विहिरीचे भाग, दोर, चाक, पाणी पडतं ती जागा, या सगळ्यांना मराठीत नेमके शब्द आहेत हे माहीत असतं, पण आयत्या वेळी जिभेवर येत नाहीत. दांडी टाकून इंग्रजीत "वेल" आणि "बकेट" दिलं आणि यादी आली. त्यात निम्मी भरताड, कारण "वेल" हा शब्द इंग्रजीत "चांगलं" या अर्थानंही येतो आणि साहेबांनी तो हजार ठिकाणी वापरलाय. पण भरताडीतून निवडणं जमतं. आठवणीतून काढणं जमत नाही. या शोधाला वेळ लागतो, सगळा मजकूर चाळावा लागतो ना. तरी चहाचा घोट घेईपर्यंत होतं.

दुसरी गोष्ट चांदणीची खूण. चांदणी आणि पुढे "खत" असं दिलं की "खत" नं संपणारे सगळे शब्द रांगेत उभे: गहाणखत, फारखत आणि त्यांचे भाऊबंद. प्रश्नचिन्ह टाकलं तर एक अक्षर काहीही चालतं. मोडीतून देवनागरीत उतरवून आलेल्या कागदांत हे फार कामाला येतं. मोडी वाचणाऱ्याला जिथे अक्षर लागत नाही तिथे तो टिंब देऊन सोडतो. त्या टिंबाच्या जागी मी प्रश्नचिन्ह टाकते आणि कोणते शब्द बसू शकतात ते बघते. बसेल तोच शब्द खरा, असं म्हणत नाही, पण मोडीवाल्या काकांना फोन करताना हातात दोन पर्याय असतात.

तक्रारींची बाजूही मोठी आहे, आणि बहुतेक तक्रारी मराठीच्या आहेत.

शुद्धलेखनाची घ्या. मोल्सवर्थच्या काळी गांव, कांहीं, नाहीं असं अनुस्वार देऊन लिहीत. उच्चारात नसलेले हे अनुस्वार 1962 च्या नियमांनी गेले. आपण शाळेत शिकलो तसं टाइप करतो आणि कोशात शब्द दुसऱ्या वेषात बसलेला असतो. नेमका शब्द नाही मिळाला तर एसडीसीव्ही जवळचे शब्द शोधतं: किती चिन्हं घातली, काढली किंवा बदलली की हा शब्द तो होईल, हे मोजून. याला लेव्हेनश्टाइन अंतर म्हणतात. काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे एकेक चिन्ह म्हणून मोजले जातात, म्हणून "काही" वरून "कांहीं" ला पोचणं त्याला फार लांब नाही. इथवर ठीक. गडबड होते ती तुमचं आजचं रूप कोशात वेगळ्याच अर्थानं हजर असेल तेव्हा. "पाच" विचारा, तो तुम्हाला पाचू दाखवेल, कारण "पाच" म्हणजे पाचू असा शब्द आहेच, आणि आकडा "पांच" खाली आहे. नेमका शब्द सापडल्यावर तो जवळचे शब्द शोधत बसत नाही. अशा वेळी शब्दाआधी तिरपी रेघ टाकून जवळचे शब्द मुद्दाम मागायचे.

यातून एक सवय लागली. जुन्या कागदात जसं लिहिलंय तसंच टाइप करते, अनुस्वारासकट. दस्त लिहिणाऱ्या कारकुनाची आणि कोश लिहिणाऱ्या साहेबांची वळणं बरीच जुळतात. आपण मध्ये शहाणपणा करून शुद्ध केलं की दोघांची गाठ पडत नाही.

छोट्या शब्दांत जवळचा शोध अगदी कुचकामी आहे. दोन-तीन चिन्हांच्या शब्दात एक-दोन बदलली की अर्धा कोश जवळचा ठरतो. एवढी यादी येते की मी सरळ उणे एक टाकून मोकळी होते.

मग "तऱ्हा", "दुसऱ्या" मधला तो र. संगणकावर अक्षरं साठवायच्या युनिकोड पद्धतीत तो दोन प्रकारे लिहिला जातो: कुणी खाली टिंब असलेला ऱ घेऊन हलन्त देतं, कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मी शिफ्ट-जे वापरते, कोश बनवणाऱ्यानं दुसरा रस्ता धरलेला असला की नेमका शोध फसतो. "ॲ" चंही तेच, एका अक्षरात लिहिलेला आणि "अ" वर चंद्र ठेवलेला. हे एसडीसीव्हीनं शोधायच्या आधी एकसारखं करून घ्यायला हवं होतं. ते करत नाही.

सगळ्यात मोठी उणीव विभक्तीची. इंग्रजीत "वॉक्ड" लिहिलं आणि कोशात तो नसला तर शेवटचं "ईडी" काढून "वॉक" दाखवण्याची अक्कल यात आहे. "आयएनजी", "एस", "ईएस" असले इंग्रजी शेपटीचे प्रकार त्यात भरून ठेवलेले आहेत. मराठीसाठी काही नाही. कागदातून "बांधावरून" किंवा "शेतमालकाकडील" उचलून चिकटवलं की रडका चेहरा. मूळ शब्द आपण काढायचा. मला त्याचं काही वाटत नाही, व्याकरण पाठ आहे. पण कॉलेजातली पोरं कॉपी करून चिकटवतात आणि "यात मराठी नाहीच" म्हणून सोडून देतात. त्यांनी निदान प्रत्यय काढून एकदा बघावं.

टर्मिनलचं दुखणं वेगळं. उबुंटूबरोबर येणाऱ्या टर्मिनलमध्ये माझ्याकडे जोडाक्षरं फुटतात, हलन्त लटकलेले दिसतात, ओळ वाचताना डोळे शिणतात. केडीईचं कोन्सोल नावाचं दुसरं टर्मिनल टाकलं, बरंच सुधारलं. तरी लांब नोंद असेल तर मी उत्तर झेनिटी नावाच्या छोट्या प्रोग्रामच्या खिडकीत पाठवते, तिथे अक्षरं नीट जुळून येतात. यात टर्मिनलचा दोष, अवजाराचा नाही, पण वापरणाऱ्याला त्याच्याशी काय घेणं. आणि एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या खुणांच्या भाषेत, बनवलेला कोश असेल तर मजकुरात बीआर, स्पॅन असल्या खुणा कंसांसकट छापून येतात. तो दोष मात्र याचाच.

लांब नोंदी वर सरकून जाऊ नयेत म्हणून पेजर, म्हणजे एकेक पडदा थांबवून दाखवणारा प्रोग्राम, लावता येतो, सेटिंग एका ओळीचं. एकाच कोशात शोधायचं असेल तर कमांडपुढे डॅश-यू देऊन कोशाचं पूर्ण नाव लिहावं लागतं, यादीत जसं आहे तसं, स्पेससकट. हा छळ आहे. भाच्यानं छोटी टोपणनावं करून दिली म्हणून निभावलं. डॅश-एन दिलं तर ते काही विचारत बसत नाही, सापडेल ते छापून मोकळं होतं. त्यामुळे गठ्ठा आला की अडणारे शब्द आधी एका फाइलीत एका खाली एक उतरवते, एक छोटी स्क्रिप्ट चालवते, आणि जेवून येईपर्यंत सगळ्यांचे अर्थ दुसऱ्या फाइलीत. शोधलेल्या शब्दांचा इतिहासही ते ठेवतं. एका प्रकरणात एकाच शब्दाला तीन ठिकाणी तीन इंग्रजी शब्द जाऊ नयेत, म्हणून शेवटी तो इतिहास वाचून घेते. मशीन घरात चौघांचं असेल तर ही फाइल लक्षात ठेवा, अशील कोण ते शब्दांवरूनही कळतं.

मोल्सवर्थचं इंग्रजी जसंच्या तसं कोर्टात देऊ नका, हे आपलं माझं सांगणं. साहेबांचं इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीचं, आणि सातबारा, पोटखराबा असल्या आजच्या महसुली शब्दांना तिथे विचारून उपयोग नाही. त्यासाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश टेबलावर उघडा असतो. साहेबांकडून शब्दाचा अंदाज घ्यायचा, आणि लिहायचं आजचं.

आता ज्यासाठी मी हे अवजार काढून टाकणार नाही ते. जबाब मराठीत नोंदवलेले असले तरी साक्षीदार बोललेला असतो अहिराणीत, आमच्या खानदेशच्या बोलीत, आणि त्याचे शब्द अवतरणचिन्हांत तसेच राहतात. आंडोर, आंडेर, बठ्ठं, तठे. मी लग्न होऊन या घरात आले म्हणून मला कळतात, औरंगाबादच्या वकिलाला कळत नाहीत. मोल्सवर्थमध्ये मी शोधलेल्या अशा शब्दांवर बहुतेक वेळा रडका चेहरा आला. मग आम्ही आमची फाइल केली. कृती साधी आहे: साध्या मजकुराच्या फाइलीत एका ओळीवर एक नोंद, आधी शब्द, मग टॅब, मग अर्थ. अर्थात दुसरी ओळ पाहिजे असेल तर बॅकस्लॅश आणि एन. स्टारडिक्ट-टूल्स नावाच्या पॅकेजात टॅबफाइल म्हणून एक कमांड आहे, तिला ही फाइल दिली की कोशाच्या फाइली तयार. शब्द क्रमानं लावण्याचं कामही तीच करते. टॅबऐवजी स्पेस पडली की ती ओळ वाया जाते, तेवढं जपा.

सासूबाई साक्री तालुक्यातल्या. त्यांना पडदा दाखवला तर म्हणाल्या, "हाई काय शे व?" सांगितलं, तुमचे शब्द आहेत. त्या दिवसापासून भाकरी थापता थापता शब्द सांगतात, आणि मी दिलेला अर्थ पटला नाही तर वाक्यात वापरून दाखवतात. त्यांची ती वाक्यंही नोंदीत घालते. अर्थापेक्षा तीच कामाला येतात, कारण जबाबात शब्द एकटा येत नाही. ग्रिअर्सन साहेबांच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे ही अहिराणी, भिल्ल बोलींबरोबर एका खंडात घातली आहे, आणि ती मराठीची की गुजरातीची यावर आमच्याकडे अजून वाद रंगतात. कोशाच्या फाइलीला मात्र भाषा कोणती ते सांगावंच लागत नाही. शब्द आणि अर्थ द्या, ती मोल्सवर्थशेजारी बसते, आणि शब्द विचारला की दोघांची उत्तरं एकाखाली एक येतात. कुठल्याही वेबसाइटवर मला हे करून मिळालं नसतं.

दुसरे पर्याय थोडक्यात. "डिक्ट" नावाची कमांड जुनी आणि चांगली आहे, 1997 मध्ये आरएफसी 2229 म्हणून ठरलेल्या इंटरनेटच्या नियमावलीवर चालते, पण तिला पलीकडे सर्व्हर लागतो. स्वतःच्या मशीनवर बसवता येतो, मला तो उद्योग नको होता. "लूक" ही कमांड नुसते इंग्रजी शब्द दाखवते, अर्थ नाही. टर्मिनलची भीती वाटत असेल तर गोल्डनडिक्ट घ्या. स्टारडिक्टच्या याच फाइली वाचतं, विंडोजवरही चालतं, एचटीएमएल नीट दाखवतं, देवनागरी सुबक. वकील मंडळींना मी तेच टाकून देते. माझ्या लॅपटॉपवर ते उघडायला वेळ घेतं आणि त्याला स्क्रिप्टमधून शब्दांची यादी खायला घालता येत नाही, म्हणून मी इकडे.

फोनवर पाहिजे असेल तर केओरीडर नावाचं पुस्तक वाचायचं ॲप आहे, अँड्रॉइडवरही चालतं. त्याच्या पोटात शब्द शोधायला एसडीसीव्हीच बसवलंय. कोशाचं फोल्डर उचलून त्याच्या डेटामधल्या डिक्टमध्ये टाकायचं, दुसरं काही करायचं नाही. भाच्याच्या फोनमध्ये अहिराणीची फाइल अशीच गेली आहे. फाइलीत नवे शब्द घातले की टॅबफाइल पुन्हा चालवून फोल्डर पुन्हा कॉपी करावं लागतं, आपोआप काही होत नाही.